दोन भिंतींमधलं वावर

नियम पाळणाऱ्या माणसाची या जगात कुठेही अडचण होत नाही, असं प्रभाकरराव चिंतलवारांचं ठाम मत होतं, आणि ते मत सोबत घेऊनच ते दोन भिंतींमधल्या फटीत आडवे सरकत होते. आधी पाऊल, मग पोट, मग दुसरं पाऊल. अर्ध्या वाटेवर पाऊल गेलं, पोट गेलं नाही.

त्यांनी श्वास सोडून पोटाला थोडं रेटलं. पोट गेलं, पण जिथे गेलं तिथून पुढेही जाईना आणि मागेही येईना. उजवा बूट खाली पडलेल्या विटांच्या तुकड्यांत रुतला. उजव्या हातात मोजायचा टेप होता, तो हात पुढे अडकला. डावा हात मागे राहिला. मोबाइल पँटच्या डाव्या खिशात होता आणि खिसा भिंतीच्या ताब्यात होता.

छातीसमोर बबनराव ढग्यांची भिंत होती. पाठीशी स्वतःची.

ही फट कशी तयार झाली, ते पिपरी मेघेच्या त्या लेआउटमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. लेआउट मुळात बबनरावांचं वावर. ते विकलं, त्याचे प्लॉट पडले, एक प्लॉट त्यांनी स्वतःला ठेवून त्यावर घर बांधलं. शेजारचा प्लॉट प्रभाकररावांनी घेतला, शहरातलं प्लास्टिकच्या सामानाचं दुकान आवरल्यावर. दोन्ही घरांच्या मध्ये काही वर्षं तारेचं कुंपण होतं. एका ठिकाणी ती तार वाकून वाकून जमिनीला टेकली होती, कारण दोन्ही घरच्या बायका तिथून जात-येत. वाटीभर साखरेला फाटकातून जायचं म्हणजे उगाच वळसा.

मग पुण्याहून निकेशने, म्हणजे मुलाने, बांधकामाच्या नियमांची पीडीएफ पाठवली. बापाला रिकामपणी वाचायला काहीतरी असावं, एवढाच त्याचा हेतू होता. प्रभाकररावांनी ती छापून आणली, तिला प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि रोज सकाळी पेपरच्या आधी ती वाचू लागले. फाटक रस्त्यावर न उघडता आत उघडावं. भिंत रस्त्याच्या पातळीपासून जास्तीत जास्त पाच फूट असावी. 'जास्तीत जास्त' हा शब्द त्यांनी वाचला नव्हता असं नाही. पण आयुष्य दुकानात गेलेल्या माणसाला 'जास्तीत जास्त' म्हणजे आपल्या हक्काचं, असंच ऐकू येतं. त्यातला एक इंच सोडला तर तो बुडीत खात्यात गेला.

बबनराव सामाईक भिंतीला तयार होते. खर्च अर्धा-अर्धा, पण उंची चार फूट.

"चारच काऊन?" प्रभाकररावांनी विचारलं होतं.

"पाच केली तं तुमचं तोंड कुठून दिसन?" बबनराव म्हणाले होते.

सिमेंट वाचवायला हा माणूस थट्टेवर नेतो आहे, असा प्रभाकररावांनी त्याचा अर्थ लावला. बोलणं वाढलं. शेवटी ज्याची त्याने आपल्या जागेत बांधायची ठरली, आणि कुणाचं पाऊल कुणाच्या हद्दीत नको म्हणून दोघांनीही आपापल्या बाजूने नऊ-नऊ इंच सोडले. यांची पाच फुटी, त्यांची चार फुटी, मध्ये दीड फूट. दोघांनी आपापल्या अंगणात मुरूम टाकून जमीन रस्त्याला आणली. मधला पट्टा होता तिथेच खाली राहिला. काळी माती, आणि तिच्यात आपोआप उगवलेलं पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, एक झाड. बबनरावांचं वावर आता एवढंच शिल्लक होतं. त्यात उभ्या माणसाला दोन्ही भिंती डोक्याच्या वर जात.

गेल्या पावसाळ्यात या खळग्यात पाणी साचलं आणि प्रभाकररावांच्या भिंतीचा गिलावा सुटला. बबनरावांची भिंत हद्द सोडून आत सरकली आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. ग्रामसेवकाला तसं सांगितलं. ग्रामसेवकाच्या टेबलापुढे बरीच माणसं उभी होती. "काका, समोर किती, मागं किती, तुम्हीच मोजून आणा," असं म्हणून त्याने पुढच्या माणसाकडे पाहिलं.

म्हणून ही भर दुपारची वेळ. बबनराव या वेळी घोरत असतात, हे सगळ्या गल्लीला ऐकू येतं. प्रभाकररावांच्या घरी शकुंतलाबाईही झोपतात. आपण भिंतीच्या फटीत शिरतो आहोत हे बायकोला सांगावंसं वाटलं नाही, म्हणून तीही झोपल्यावर प्रभाकरराव निघाले होते.

समोरच्या तोंडाशी फट बरोबर दीड फूट भरली होती. इथे किती आहे, ते मोजायला टेप उघडायला जागा नव्हती. पण पाठीत काय रुततं आहे, ते त्यांना हळूहळू कळत होतं. तो कॉलम होता. आतून भिंत गुळगुळीत दिसली पाहिजे, कॉलमची फुगीर बाजू बाहेर काढ, असं मिस्तरीला त्यांनीच बजावलं होतं.

पलीकडे बाज सरकल्याचा आवाज झाला. मग दगडावर दगड, टक, टक. बबनरावांच्या अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत, त्यांच्या पत्नी आनंदाबाई चिंच फोडायला बसल्या असणार. प्रभाकररावांनी हाक मारायला तोंड उघडलं. मग मिटलं. हाक मारायची म्हणजे इथे काय करत होतो, ते आधी सांगावं लागणार.

"चिंचोके अलग टाकजो वो," आनंदाबाई म्हणाल्या.

"टाकून राह्यली ना."

हा दुसरा आवाज शकुंतलाबाईंचा होता.

प्रभाकररावांनी मान वळवायचा प्रयत्न केला. मान एका बाजूलाच वळत होती, आणि त्या बाजूला फक्त फटीच्या टोकाशी उभा उजेड दिसत होता. आपली बायको दुपारी झोपते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपला नवरा दुपारी झोपतो, हे तिलाही पक्कं माहीत असावं.

"चालली मंग सोमवारी?" आनंदाबाईंनी विचारलं.

"चालली."

"किती दिवस?"

टक. टक.

"मयुरी म्हणे, आई, आठ दिवस नागपूरले येऊन जा. मी म्हटलं, येते. आठ दिवसाचं मी काही बोलली नाई."

"म्हणजे?"

"म्हणजे बॅग मोठी घेतली."

दगड थांबले. नागपूरला लेकीकडे जायचं, हे प्रभाकररावांना माहीत होतं. बॅगेकडे त्यांनी पाहिलं नव्हतं.

"अन् भाऊजी?" आनंदाबाई म्हणाल्या. "त्याईच्या पोटाचं कसं?"

"डबा लावतीन. किती पोळ्या खाव्या, त्याचाही नियम असन कुठंतरी."

दोघी हसल्या. प्रभाकररावांनी पोट आत ओढून पाहिलं. ते आणखी आत जायला जागा नव्हती.

"खरं सांगू आनंदा? सकाळी दार उघडलं का भिंत. भांडे घासाले बसलं का भिंत. तुह्या कुकरची शिट्टी वाजली का मले समजते, आता दुपार झाली. जेलातल्या माणसाले तरी भेटाचा दिवस ठरवून देते म्हणते सरकार. मयुरीच्या घराले गॅलरी आहे. खाली भाजीवाला येते, लोकं गाड्या लावण्यावरून भांडतात. माणसं दिसतात माय."

"मंग सांगाव ना त्याईले, का जीव घाबरते म्हणून."

"सांगतलं एक डाव. त्याईनं पुस्तक काढलं. खोलीच्या मानानं खिडकी केवढी पाहिजे, ते वाचून दाखवलं. अन् म्हणे, आपली तं त्याच्यापेक्षा मोठी आहे."

प्रभाकररावांना तो दिवस आठवला. खिडकी खरोखरच मोठी होती.

मुंग्यांची एक रांग बबनरावांच्या भिंतीवरून निघाली होती. पुढे शर्ट आला, तेव्हा तिने रस्ता न बदलता शर्टावरून जायचं ठरवलं. घाम भुवईतून डोळ्यात उतरला आणि तो पुसायला एकही हात रिकामा नव्हता. त्यांनी टेप सोडून दिला. त्याची डबी विटांवर आपटली.

"काय वाजलं वो?"

"सरडा असन," आनंदाबाई म्हणाल्या. "तुमच्या भिंतीपायी त्याईची सोय झाली. दोन्हीकडून बंद, कोणी मारत नाई."

प्रभाकररावांनी श्वासही जपून घेतला. आता हाक मारली तर सगळं ऐकलं हे कळणार, आणि नाही मारली तर कुणालाच काही कळणार नाही. दुकानात असे पेच त्यांनी बरेच सोडवले होते. पण तिथे गल्ल्यामागे खुर्ची होती.

टोपलीत चिंच पडल्याचा आवाज आला. मग लुगड्याचा, उठल्याचा.

"जाते मी. चहाची वेळ झाली. ते उठले अन् मी दिसली नाई तं..."

"तं काय करतीन?"

"काही नाई करत. घड्याळ पाहातात."

पावलं दूर जाऊ लागली. ती फाटकातून वळसा घेऊन घरी जाईल, पलंग रिकामा पाहील, ते बाजारात गेले समजेल. आनंदाबाई आत जातील. दार लागेल. प्रभाकररावांनी तोंड उघडलं. बायकोला त्यांनी उभ्या जन्मात नावाने हाक मारली नव्हती. 'ऐकलं का' म्हणायची सवय होती, पण ते घरातल्या घरात. भिंतीतून कसं म्हणायचं?

"बबनराव!" ते ओरडले.

पावलं थांबली.

"अवो माय," आनंदाबाई म्हणाल्या. "भिंत बोलली."

बबनराव आले ते लुंगी सावरत, डोळे चोळत. बनियनवर बाजेच्या दोरीचे वळ उमटलेले होते. चार फुटी भिंतीवर कोपरं टेकवून त्यांनी खाली पाहिलं. वर्षभरात त्यांना प्रभाकररावांचं तोंड पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसत होतं.

"काय करून राह्यले शेठ?"

"उभा आहे."

"ते दिसून राह्यलं."

"टेप पडला होता."

"अस्सं." बबनरावांनी फटीच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा खाली. "रोडवर पडला अन् घरंगळत इथवर आला?"

प्रभाकरराव शर्टावरच्या मुंग्यांकडे पाहू लागले.

"मंग किती भरलं?"

"समोर दीड फूट."

"अन् इथं?"

"इथं कमी आहे."

"कोनामुळं?"

प्रभाकररावांनी डोळे मिटून घेतले. घाम आत गेला होता. "कॉलम," ते म्हणाले. "माझाच आहे."

"हे चांगलं झालं तुम्ही सोता मोजलं," बबनराव म्हणाले. "मी सांगतलं असतं तं पुस्तक काढलं असतं."

त्यांच्या बाजूला शकुंतलाबाईंचं डोकं दिसू लागलं. हात चिंचेने माखलेले. त्यांनी भिंतीवरून वाकून नवऱ्याकडे पाहिलं. शर्टाला घामाने वेगळाच रंग आला होता, मुंग्या कॉलरपर्यंत पोचल्या होत्या.

"कवापासून उभे आहात?"

आनंदाबाई मागे काहीतरी आवरत होत्या, त्या थांबल्या.

"आत्ताच आलो," प्रभाकरराव म्हणाले.

 शकुंतलाबाई गेल्या आणि ओला पंचा घेऊन आल्या. वाकून त्यांनी तो त्यांच्या डोक्यावर ठेवला, एका टोकाने कपाळ पुसलं, दोन बोटांनी कॉलरवरच्या मुंग्या झटकल्या. हाताला चिंचेचा वास होता.

बबनरावांनी एक हात धरून ओढून पाहिलं. मग काखेत हात घालून पाहिलं. प्रभाकररावांनी एकदा 'अगं आई' म्हटल्यावर तो प्रयत्न थांबला.

"फोडा लागन," बबनराव म्हणाले आणि आतून घन घेऊन आले. हातांत थुंकून त्यांनी आपल्याच भिंतीचा अंदाज घेतला. "माही चार इंची हाय. दोन घनात खाली. विटा तेवढ्या तुमच्या पोटावर नाई आल्या पाहिजे."

"तुमची नको," प्रभाकरराव म्हणाले.

"मंग काय क्रेन बोलवू?"

"माझी फोडा."

बबनरावांनी घन खाली टेकवला. "शेठ, तुमची नऊ इंची हाय. सळाखी टाकल्या तुम्ही तिच्यात. फोडता फोडता सांज होईन."

"होऊ द्या."

"तवरिक तुमी असेच?"

"आतापर्यंत होतोच ना," प्रभाकरराव म्हणाले.

शकुंतलाबाईंनी पंच्याची घडी मोडून पुन्हा घातली. त्या फाटकातून आपल्या अंगणात गेल्या, बबनरावांसाठी ते उघडं ठेवलं, तुळशीची कुंडी भिंतीपासून दूर सरकवली. मग वळसा घेऊन परत बबनरावांच्या अंगणात आल्या, कारण नवऱ्याचं तोंड तिकडूनच दिसत होतं.

पाठीमागे घन पडू लागला. प्रत्येक घाव आधी मणक्यात बसे आणि मग ऐकू येई. बबनराव मधूनमधून थांबून दम खात आणि भिंतीपलीकडून बोलत.

"मिस्तरी कोन होता तुमचा?"

"काऊन?"

"चांगला होता. फुटत नाई."

आनंदाबाईंनी चहा केला. शकुंतलाबाईंनी तो बशीत ओतून फुंकला आणि भिंतीवरून वाकून प्रभाकररावांच्या ओठांना लावला. अर्धा हनुवटीवरून गेला. त्यांनी बशी पुन्हा भरली. त्यांचं लक्ष बशीकडे होतं आणि प्रभाकररावांचं त्यांच्याकडे.

"साखर बरोबर आहे," ते म्हणाले.

ऊन उतरलं तेव्हा कॉलमचा वरचा भाग सळया वाकवून मागे पडला आणि पाठीत वारा लागला. बबनरावांनी मागून बगलेत हात घालून त्यांना पोत्यासारखं वर ओढून घेतलं. उजवा बूट खालीच राहिला. प्रभाकरराव आपल्या अंगणातल्या विटांच्या ढिगावर एका मोज्यात उभे राहिले. भिंतीला भगदाड पडलं होतं, आणि त्यातून, बबनरावांच्या चार फुटी भिंतीवरून, पलीकडे कडुनिंब, बाज, चिंचेची टोपली असं सगळं दिसत होतं. अंगण त्यांच्याच अंगणाएवढं होतं. त्यांना ते मोठं असेल असं वाटलं होतं.

"बुजवाले सांगू का मिस्तरीले उद्या?" बबनरावांनी विचारलं.

"नको."

दुसऱ्या दिवशी मिस्तरी आला तो भगदाडाच्या कडा सरळ करायला. प्रभाकररावांनी त्याला दोन्हीकडून पायऱ्या घ्यायला सांगितल्या, मधल्या खळग्यावर फरशी, बाजूला धरायला लोखंडी पाइप. काम चालू असताना बबनराव, कुणी सांगितलेलं नसताना, आपल्या भिंतीचा तेवढाच तुकडा पाडून मोकळे झाले. दोन घनही लागले नाहीत. बाजूच्या भिंतीत अशी वाट ठेवता येते का, हे प्रभाकररावांनी नियमावलीत पाहिलं नाही. निकेशने फोनवर विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "पाहू मग."

रविवारी संध्याकाळी ते शकुंतलाबाईंना घेऊन तिथे गेले. पाइपला हिरवा रंग दिला होता, तो वाळला होता.

"पायऱ्या ठेंगण्या ठेवल्या," ते म्हणाले. "गुडघ्याले त्रास नाई होणार."

शकुंतलाबाईंनी पाइप धरला, चढल्या, फरशी ओलांडली, पलीकडे उतरल्या. आनंदाबाईंनी कुंडीतली कढीपत्त्याची डहाळी मोडून हातात दिली. ती घेऊन त्या परत आल्या.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या.

"आता केव्हाही जाता येईल."

"हो."

प्रभाकररावांनी पाइप हलवून पाहिला. तो पक्का होता.

"मी म्हटलं," ते म्हणाले, आणि पाइपाच्या बुडाशी वाकून तिथली माती पायाने सारखी केली. "सिमेंट नवीन आहे. आठवडाभर पाणी मारावं लागेल. सकाळ-संध्याकाळ."

शकुंतलाबाई कढीपत्त्याची पानं एकेक करून खुडत होत्या.

"माराल ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"मारीन."

सोमवारी सकाळी बॅग प्रभाकररावांनी उचलली. ती मोठी होती. ऑटोतून उतरल्यावर बसस्टँडच्या फलाटापर्यंत त्यांनी दोनदा हात बदलला, पण चाकं आहेत हे शकुंतलाबाईंनी सांगितलं तरी ओढली नाही. फलाटावर ते वेळापत्रकाखाली उभे राहिले आणि ते वरून खालपर्यंत वाचलं.

"सोमवारी फार गर्दी राह्यते," ते म्हणाले. "नोकरीवाले असतात सगळे. जागा नाई भेटली तं तुझ्या गुडघ्यानं उभं नाई राहावणार. उद्या गेलं तरी चालते."

"पाहू," शकुंतलाबाई म्हणाल्या.

नागपूरची बस वेळेवर आली. अर्धी रिकामी होती.